टेबलटॉप आरपीजीसाठी कॅरेक्टर-बिल्डचं चांगलं गाईड कसं लिहावं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळाच्या २०१४च्या नियमांत पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) स्पेलबुकात निदान १४ स्पेल (मंत्र) असतात: सुरुवातीचे ६ आणि पुढच्या चार लेव्हलना दोन-दोन. इंटेलिजन्स १८ असेल तर त्यातले ९ तयार ठेवता येतात, आणि तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, मिळतात फक्त २. अशा खेळाडूच्या हातात ‘सर्वोत्तम स्पेल’ म्हणून तीस नावांची यादी दिली तर तो आणखीच गोंधळतो. कुठले ९ घ्यायचे, ते का घ्यायचे आणि कोणत्या टेबलावर (खेळगटात) त्यातला कुठला बदलायचा, एवढं त्याला कळायला हवं. रविवारी संध्याकाळी खेळ सुरू होण्याआधी कॅरेक्टर शीट भरायला बसलेला हा खेळाडू डोळ्यासमोर ठेवून गाईड लिहावं.

आधी गृहीतकं लिहून काढा

गाईडच्या अगदी वर, प्रस्तावनेच्याही आधी, पाच गोष्टी स्पष्ट लिहा: नियमांची आवृत्ती, कोणती पुस्तकं धरली आहेत, अ‍ॅबिलिटी स्कोअर (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी वगैरे सहा क्षमतांचे आकडे) कसे ठरवले, बिल्ड (कॅरेक्टरसाठी लेव्हलगणिक केलेली निवड) कुठून कुठल्या लेव्हलपर्यंतचा आहे, आणि दिवसाला किती लढाया होतील असं मानलंय.

आवृत्तीचा घोळ सर्वांत महागात पडतो. पाचव्या आवृत्तीचं २०१४चं प्लेअर्स हँडबुक आणि २०२४चं सुधारित हँडबुक यांत नावं बरीचशी तीच आहेत, पण आतला ऐवज बदललाय. २०१४मध्ये स्कोअरची वाढ वंशातून मिळायची, २०२४मध्ये ती बॅकग्राउंडमधून मिळते. २०१४मध्ये क्लेरिक पहिल्या आणि विझार्ड दुसऱ्या लेव्हलला सबक्लास (क्लासमधली खास शाखा) निवडायचा, आता सगळेच क्लास तिसऱ्या लेव्हलला निवडतात. ‘ग्रेट वेपन मास्टर’ या फीटमध्ये (खास कौशल्यात) पूर्वी नेमावर उणे ५ घेऊन डॅमेजवर अधिक १० मिळायचे. नव्या पुस्तकात तो सौदाच काढून टाकलाय. आता आपल्या टर्नमध्ये जड शस्त्राने अटॅक केला की प्रोफिशियन्सी बोनसएवढं डॅमेज वाढवता येतं. जुनं गाईड वाचून नवं कॅरेक्टर बनवणाऱ्याची फसगत होते ती इथे.

लढायांची संख्या बहुतेक गाईडांत लिहिलेलीच नसते आणि निष्कर्ष मात्र तिच्यावरच उभे असतात. खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरसाठीच्या (डीएमसाठीच्या) २०१४च्या डन्जन मास्टर्स गाईडने दिवसाला मध्यम ते कठीण अशा ६ ते ८ चकमकी आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) धरले होते. ज्या टेबलावर दिवसाला एकच मोठी लढाई होते तिथे विझार्ड आणि पॅलाडिन आपले सगळे स्लॉट तिच्यातच ओततात, आणि शॉर्ट रेस्टवर स्लॉट परत मिळवणारा वॉरलॉक मागे पडतो. त्यामुळे ‘वॉरलॉक कमकुवत आहे’ हे वाक्य एका टेबलावर खरं असतं आणि दुसऱ्यावर खोटं.

स्कोअर: आकडे पूर्ण द्या

‘डेक्स्टेरिटी जास्त ठेवा, कॉन्स्टिट्यूशन बरा ठेवा’ असं लिहून भागत नाही. पॉइंट बायमध्ये, म्हणजे पॉइंट खर्चून स्कोअर घेण्याच्या पद्धतीत, २७ पॉइंट असतात. ८ फुकट, १३पर्यंत प्रत्येक पायरीला १, पुढे १४ला आणि १५ला दोन-दोन. म्हणजे १३ची किंमत ५, १४ची ७, १५ची ९. सहाही आकडे लिहा आणि बेरीज तपासा: १५, १४, १४, १०, १०, ८ म्हणजे ९+७+७+२+२+०, बरोबर २७. बेरीज चुकलेलं गाईड वाचकाच्या पहिल्याच दहा मिनिटांत मोडतं, आणि पुढच्या पानांवरचा विश्वासही जातो.

त्याबरोबर कारणही द्या. मॉडिफायर (स्कोअरमुळे फाशात मिळणारी भर) सम आकड्यांनाच वाढतो, त्यामुळे १५ आणि १४ दोघांचाही मॉडिफायर +२च. हातात एक +२ आणि एक +१ असेल तर १५ला +१ आणि १४ला +२ द्या. दोन्ही १६ होतात. उलट दिलं तर १७ आणि १५ पडतात: एका जागी +३, दुसऱ्या जागी +२, म्हणजे एक मॉडिफायर हातचा गेला. चौथ्या लेव्हलला +१ देणारी फीट घेऊन १७चे १८ करायचे ठरवले असतील तर मात्र तोच १७ शहाणपणाचा ठरतो. ही अट लिहिल्याशिवाय सल्ला पुरा होत नाही.

रंग लावा, पण रंगावर थांबू नका

या गाईडांत पर्यायांना रंग लावायची जुनी रीत आहे. लाल म्हणजे टाळा, जांभळा म्हणजे क्वचित उपयोगी, हिरवा किंवा काळा म्हणजे ठीक, निळा म्हणजे चांगला, आकाशी म्हणजे उत्तम. नजर फिरवायला ती सोयीची आहे, पण काही वाचकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही आणि प्रिंट काढली की सगळंच करडं होतं. म्हणून रंगासोबत शब्द किंवा तारेही द्या.

रंग देताना तुलना कशाशी करताय ते पक्कं ठरवा. तुलना त्याच जागी मिळणाऱ्या दुसऱ्या पर्यायांशी करायची. तिसऱ्या पातळीचा स्पेल तिसऱ्या पातळीच्या स्पेलशी, फीट त्याच लेव्हलच्या स्कोअरवाढीशी. अर्धी यादी निळी झाली असेल तर तो रंग वाचकाला काहीच सांगत नाही. आणि प्रत्येक रंगाला निदान एक कारण द्या. कारण दिलेलं असलं की आपल्या डीएमचा खेळ वेगळा असेल तर वाचक स्वतः रंग बदलून घेऊ शकतो.

एकट्याने चांगले असणारे पर्याय एकत्र आले की एकमेकांचा पाय ओढतात, हेही नोंदवा. हेस्ट, हिप्नॉटिक पॅटर्न, फ्लाय आणि स्लो हे चारही स्पेल चांगले आहेत आणि चारही कॉन्सन्ट्रेशनचे (लक्ष टिकवून चालू ठेवायचे) आहेत. एका वेळी एकच चालतो. चौघांना निळा रंग देऊन पुढे गेलात तर वाचक चारही तयार ठेवतो आणि लढाईत त्यातले तीन पडून राहतात. शिवाय फटका बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (बचावाचा फासा) करावा लागतो, डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मा, यातला मोठा. हेस्ट तुटला तर ज्याच्यावर टाकला होता त्याची एक अख्खी टर्न वाया जाते. हेस्टच्या शिफारशीत हा धोका त्याच ओळीत असायला हवा, पुढच्या प्रकरणात नव्हे.

गणित मांडा, किंमत धरून

बहुतेक गाईडं गणितात घसरतात ती बेरजेत नव्हे, तुलनेत. २०१४च्या नियमांतला पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या. हातात ग्रेटसोर्ड, डॅमेज २ डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) म्हणजे सरासरी ७, टर्नमध्ये दोन हल्ले, समोरच्याचा आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) १५. सुरुवातीची स्ट्रेंग्थ १६ आहे आणि चौथ्या लेव्हलला त्याने एकतर स्ट्रेंग्थ १८ केली, नाहीतर ग्रेट वेपन मास्टर घेतली.

स्ट्रेंग्थ वाढवली तर नेम +७. फाशावर ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६५ टक्के. प्रत्येक फटका ११चा. दोन हल्ल्यांचे १४.३ आणि क्रिटचे (फाशावर २० पडल्यावर मिळणाऱ्या जादा डॅमेजचे) ०.७ मिळून १५. फीट घेतली तर नेम +६मधून ५ वजा, उरला +१. १४ किंवा जास्त हवेत, म्हणजे ३५ टक्के. फटका २०चा. दोन हल्ल्यांचे १४ आणि क्रिटचे ०.७ मिळून १४.७. एवढी गाजलेली फीट इथे किंचित मागेच राहते. आता अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) द्या: स्ट्रेंग्थवाला २०.७वर जातो, फीटवाला २४.५वर. आर्मर क्लास १३ असेल तर अ‍ॅडव्हांटेज नसतानाही फीट पुढे, १८.७ विरुद्ध १७.२.

क्रिट झाल्यावर किंवा शत्रू पडल्यावर या फीटमुळे मिळणारा जादा हल्ला वरच्या हिशेबात धरलेला नाही. गणितात काय सोडलंय हे असंच सांगून टाकावं. निष्कर्ष एका वाक्यात लिहिता येतो: अ‍ॅडव्हांटेज मिळवून देणारा साथीदार असेल किंवा समोरचे हलक्या चिलखताचे असतील तर चौथ्या लेव्हलला ही फीट घ्या, नाहीतर आधी स्ट्रेंग्थ वाढवा. फीटची तुलना ‘फीट नसलेल्या’ फायटरशी करून बढाई मारणारी गाईडं ही किंमतच लपवतात. २०२४मध्ये याच फीटसोबत स्ट्रेंग्थला +१ मिळतो, त्यामुळे तिथे हिशेब नव्याने करावा लागतो.

प्रत्येक लेव्हलची ओळ लिहा

कागदावर विसाव्या लेव्हलला झळकणारा बिल्ड टेबलावर सहाव्या लेव्हलला रडतो. हे मल्टीक्लासमध्ये, म्हणजे एकाहून जास्त क्लास मिसळताना, सर्वांत जास्त होतं. २०१४च्या नियमांतलं पॅलाडिन ३ आणि सॉर्सरर ३ असं सहाव्या लेव्हलचं कॅरेक्टर बघा. एक्स्ट्रा अटॅक नाही, कारण तो पॅलाडिनच्या पाचव्या लेव्हलला मिळतो. स्कोअरवाढ नाही, कारण ती प्रत्येक क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते, कॅरेक्टरच्या नव्हे. तिसऱ्या पातळीचा स्लॉटही नाही. शेजारी बसलेला विझार्ड फायरबॉल टाकतोय, फायटर दोनदा वार करतोय आणि दोन स्कोअरवाढी घेऊन बसलाय. तोच बिल्ड आधी पॅलाडिन ६ करून मग सॉर्सररकडे वळवला तर एक्स्ट्रा अटॅक, एक स्कोअरवाढ आणि ऑरा ऑफ प्रोटेक्शन हाताशी येतात.

म्हणून एक तक्ता द्या: लेव्हल, कुठल्या क्लासमध्ये गेली, नवं काय मिळालं, आणि साधारण टर्नमध्ये हे कॅरेक्टर काय करतं. शेवटचा रकाना सोडू नका. त्यात काही लिहायला सुचत नसेल तर ती लेव्हल पोकळ आहे, आणि ती किती सत्रं सोसावी लागेल हे वाचकाला आधीच सांगा. मल्टीक्लाससाठी लागणारे १३चे स्कोअरही तिथेच लिहा. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि कॅरिझ्मा दोन्ही १३ लागतात, आणि हे पाचव्या लेव्हलला कळून उपयोग नसतो.

टेबलावर बाकीचे चारजणही असतात

वॉरलॉक डार्कनेस टाकतो आणि डेव्हिल्स साइटमुळे त्या काळोखात एकटा बघतो. नियमांत हे बरोबर बसतं. पण त्याच १५ फूट त्रिज्येच्या काळोखात सापडलेल्या ‘रोग’ क्लासच्या साथीदाराला काही दिसत नाही, क्लेरिकला जखमी मित्र दिसत नाही, आणि तिसऱ्या लढाईला सगळे वैतागतात. अशा युक्तीशेजारी ती कुठे टाकायची तेही लिहा: आपले लोक दूर असताना, किंवा मागच्या धनुर्धाऱ्यांवर.

ज्या युक्त्या डीएमच्या निर्णयावर टांगलेल्या असतात त्यांना वेगळी खूण करा आणि निर्णय उलटा गेला तर काय घ्यायचं ते सांगा. अख्खा बिल्ड अशा एकाच निर्णयावर उभा असेल तर त्याची शिफारस करू नका.

मराठीत लिहिताना क्लास, फीट आणि स्पेल यांची नावं आहेत तशीच देवनागरीत ठेवा. खेळाडूसमोरचं पुस्तक बहुतेकदा इंग्रजीच असतं. ‘अ‍ॅडव्हांटेज’चं ‘लाभ’ केलंत तर त्याला ते पुस्तकात सापडणार नाही. स्पष्टीकरण मात्र घरच्या मराठीत असू द्या. पुस्तकातला मजकूर उतरवून घेऊ नका, आपल्या शब्दांत लिहा. जानेवारी २०२३पासून एसआरडी ५.१ हा मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे, श्रेय देऊन त्यातलं वापरता येतं. पण त्यात फीट एकच आहे, ग्रॅपलर. २०१४च्या बाकीच्या फीट्सचं वर्णन या परवान्याबाहेरचं.

छापण्याआधी एकाला बसवा

जो हा क्लास कधी खेळलेला नाही त्याला गाईड आणि कोरी शीट द्या आणि गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठे मागचं पान उलटतो, काय विचारतो, तेवढं टिपा. त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये, तो जिथे अडला त्याच जागी घाला. मग तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या लेव्हलला तेच कॅरेक्टर एकेका लढाईत उतरवून बघा. तक्त्यातली ‘साधारण टर्न’ आणि त्याने प्रत्यक्षात खेळलेली टर्न जुळत नसेल तर तक्ता दुरुस्त करा. शेवटी दुरुस्तीची तारीख आणि काय बदललं ते एका ओळीत वरच्या गृहीतकांशेजारी लिहा.