मेटॅलिक आयशॅडोचा भेटसंच पहिल्यांदा वापरताना या चुका टाळा

गेल्या भाऊबीजेला धाकट्या भावाने ओवाळणी म्हणून मला बारा मेटॅलिक आयशॅडोंचा संच दिला. तांबे, कांसे, जुने सोने, चांदी, मोरपंखी, वांगी अशी ती रांग डबीत जितकी देखणी दिसत होती, तितकी पापणीवर काही उतरेना. पहिल्या दिवशी पापणीवर करडा, धुरकट पट्टा उमटला, गालांवर चमचमती भुकटी पसरली आणि तासाभरात उरलेला रंग पापणीच्या घडीत जाऊन बसला. संचात दोष नव्हता. मॅट, म्हणजे बिनचमकीची, आयशॅडो लावण्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयी मी मेटॅलिक रंगांवर जशाच्या तशा लादल्या होत्या. तुळशीचे लग्न लागल्यावर लग्नसराई सुरू झाली आणि त्या महिन्याभरात एकेक रंग वेगवेगळ्या प्रकारे लावून पाहिल्यावर, नेमके कोठे बिघडते ते लक्षात आले.

त्यासाठी ही चमक कशाची आहे हे आधी समजून घ्यावे लागते. ती बहुतांशी अभ्रकाची असते. अभ्रकाच्या सूक्ष्म, सपाट पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो आणि त्या थराच्या जाडीनुसार परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. थर पातळ असला की रुपेरी, तो जाड होत गेला की सोनेरी, लालसर, निळा आणि हिरवा. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात त्यामागेही हेच कारण आहे. तांबे आणि कांसे या छटांसाठी लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो. म्हणजेच हे असंख्य चिमुकले आरसे आहेत आणि ते एका पातळीत आडवे निजले तरच एकाच दिशेने प्रकाश परत पाठवतात. पुढील बहुतेक चुका या आरशांना अस्ताव्यस्त करण्याच्या किंवा झाकून टाकण्याच्या आहेत.

फुगीर ब्रशने घासणे

ही सर्वांत मोठी चूक, आणि संचासोबत येणारा छोटा ब्रशच आपल्याला त्या चुकीकडे नेतो. मॅट रंग पसरवण्यासाठी मऊ, फुगीर ब्रश इकडून तिकडे फिरवावा लागतो, परंतु मेटॅलिक रंगावर तीच हालचाल केली तर पापुद्रे उभेआडवे विखुरतात, काही गालावर गळतात आणि पापणीवर उरतो तो झळाळी गेलेला फिकट रंग. येथे रंग दाबून बसवायचा असतो. अनामिकेचे टोक स्वच्छ धुऊन, कोरडे करून रंगावर हलकेच टेकवावे आणि पापणीच्या मध्यभागी दाबून उचलावे; घासू नये. बोटाच्या उबेने भुकटीतील तेलकट बांधणी किंचित सैल होते आणि पापुद्रे त्वचेला सपाट चिकटतात. बोट नको असेल, तर कृत्रिम केसांचा, चपटा आणि दाट ब्रश घ्यावा व थापटल्यासारखा वापरावा. कडा मिसळायच्या असतील, तर त्या मेटॅलिक रंगाने न मिसळता शेजारच्या मॅट तपकिरी रंगाने मिसळाव्यात. हा एकच बदल केल्यावर माझ्या संचातील निम्म्याहून अधिक रंग अक्षरशः वेगळे दिसू लागले.

ओला करताना डबीवरच पाणी मारणे

ब्रश थोडा ओलसर असेल तर मेटॅलिक रंग वितळलेल्या धातूसारखा दिसतो, हे खरे आहे. मात्र पुष्कळ जणी थेट डबीवर पाणी किंवा सेटिंग स्प्रे (मेकअप टिकवणारा फवारा) फवारतात, किंवा ठिबकणारा ब्रश रंगात बुडवतात. असे वरचेवर झाले की दाबून बसवलेल्या भुकटीच्या पृष्ठभागावर कडक, काचेसारखी साय धरते आणि मग कितीही बोट फिरवले तरी रंग हाताला लागत नाही. आधी कोरड्या ब्रशवर रंग घ्यावा, नंतर त्या ब्रशवर दुरून एकदाच फवारा मारावा आणि लगेच पापणीवर दाबावा. बोटाच्या तेलानेही कालांतराने अशीच साय धरते. ती धरलीच, तर रंगावर चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी. वरचा थर निघून येतो आणि खालचा रंग पूर्वीसारखा लागतो. चाकूने किंवा नखाने खरवडू नये, कारण मेटॅलिक रंगांची वडी मॅट रंगांपेक्षा ठिसूळ असू शकते आणि ती मुळापासून फुटते.

पापणी तशीच ठेवणे

पापणीच्या त्वचेला दिवसभर तेल सुटते आणि कोकणात किंवा मुंबईत त्यात घामाची भर पडते. हे तेल रंगाची पकड सैल करते आणि उघडझाप होताना पापुद्रे घडीत ढकलले जातात. म्हणून प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पायाचा थर, लावावा. तो नसेल तर कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या क्रीमचा) अगदी पातळ थर चालतो. नेमकी चूक येथेच होते. मॅट रंगासाठी कन्सीलरवर पावडर मारण्याची सवय असते, तीच येथे पाळली तर चमक पावडरीवर धड चिकटत नाही. पापणीच्या घडीपाशी पावडर लावावी, पण ज्या भागावर मेटॅलिक रंग येणार तो भाग किंचित ओलसर असतानाच रंग दाबून बसवावा. प्राइमरही जाड लावू नये, कारण जाड थर स्वतःच घडीत गोळा होतो आणि सोबत रंगालाही घेऊन जातो.

फाउंडेशन आधी लावणे ही याच्या जोडीची चूक आहे. डोळे आधी करावेत, गालावर गळलेली भुकटी ओल्या कापसाने टिपून घ्यावी आणि त्यानंतर चेहऱ्याकडे वळावे.

सगळीकडे चमक आणि हातावरून निवड

घडीपासून भुवईपर्यंत एकच चमकता रंग लावला की डोळा सुजल्यासारखा दिसतो, कारण उजळ आणि चमकता भाग नेहमी पुढे आल्यासारखा भासतो. चमक पापणीच्या मध्यावर आणि फार तर आतल्या कोपऱ्यात ठेवावी. पापणीवर सुरकुत्या असतील, तर मोठ्या, टिपक्याटिपक्यांनी चमचमणाऱ्या रंगांऐवजी बारीक पापुद्र्यांची, साटीनसारखी मंद झळाळी निवडावी, कारण मोठे पापुद्रे प्रत्येक रेघ उठून दाखवतात.

मनगटावर बोटाने ओढून पाहिलेली छटा पापणीवर तशीच दिसेल असे गृहीत धरू नये. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर बर्फाळ चांदी आणि फिकट गुलाबी शिमर नुसतेच लावले की राख फासल्यासारखे दिसतात, तर तांबे, कांसे आणि जुने सोने खुलतात. चांदीचा रंग टाकून मात्र देऊ नये. त्याखाली गडद तपकिरी किंवा काळ्या पेन्सिलचा पातळ थर दिला, तर तोच रंग बंदुकीच्या नळीसारखा भारदस्त होतो. मोरपंखी रंगाला असा काळा आधार मिळाला की त्याच्यातील हिरवा आणि निळा दोन्ही दिसू लागतात, आणि काठापदराच्या पैठणीबरोबर मला हाच रंग सर्वांत आवडला. रंग कसा बसला हे स्नानगृहातील दिव्याखाली ठरवू नये. खिडकीपाशी जाऊन, मान थोडी हलवून पाहावे.

डोळ्याच्या बाबतीत तडजोड

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी आहे, त्यामुळे येथील चूक दिसण्यापुरती राहत नाही. नवा संच प्रथम हाताच्या कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावे. खाज किंवा लाली आली तर तो डोळ्याला लावू नये, मग भेट कोणाचीही असो. संचात दाबलेले ग्लिटर असेल, तर ते मेटॅलिक आयशॅडोपेक्षा वेगळे असते. त्याचे कण मोठे आणि अनेकदा प्लास्टिकचे असतात, ते डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. डोळ्यांजवळ वापरू नये असे वेष्टनावर लिहिले असेल तर ते अक्षरशः पाळावे, आणि हस्तकलेच्या दुकानातील टिकल्यांचे ग्लिटर कधीही लावू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालावी आणि मेकअप काढण्यापूर्वी काढावी. लग्नघरी एकच डबी आणि एकच ब्रश चारचौघींत फिरतो; डोळे आलेल्या एकीमुळे ते सर्वांना येऊ शकतात, म्हणून निदान ब्रश तरी प्रत्येकीचा वेगळा असावा.

भेटीचे सुंदर वेष्टन फेकण्यापूर्वी ते वाचावे. भारतात बनलेल्या प्रसाधनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम मुदत हवी. परदेशातून आलेल्या प्रसाधनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही हवा. उघड्या डबीच्या चित्रात १२ किंवा २४ आकडा असेल, तर उघडल्यानंतर तितकेच महिने ते वापरता येते. उघडल्याची तारीख मी डबीच्या तळाशी कायम टिकणाऱ्या पेनने लिहून ठेवते.

रात्री रंग काढताना साबणाने घासणे ही शेवटची नेहमीची चूक. तेलयुक्त मेकअप रिमूव्हर किंवा दोन थेंब खोबरेल कापसावर घेऊन तो मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता धरावा, मग खालच्या दिशेने हलकेच पुसावे आणि त्यानंतर सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. डबी स्नानगृहात किंवा मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये. प्रवासात वडी फुटली, तर तुकडे बारीक करून त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब घालावेत, टिश्यूत गुंडाळलेल्या नाण्याने दाबून सपाट करावे आणि झाकण उघडे ठेवून एक दिवस पूर्ण वाळू द्यावे. माझ्या संचातील कांस्य रंग असाच जोडला आहे. तो आता किंचित कडक लागतो, पण बोटाने दाबला की झळाळी तशीच उतरते.