लंडनच्या बागेत केळ आणि सोनटक्का: फ्रॉस्ट सोसणारी वेगळी झाडं कशी निवडायची

लंडन आणि दक्षिण इंग्लंडमधला हिवाळा तसा सौम्य, आणि माणूस फसतो तो त्यामुळेच. चार-पाच वर्षं काही होत नाही. मग डिसेंबर २०१० किंवा डिसेंबर २०२२ सारखा कडाका पडतो, सलग कित्येक रात्री सगळं गोठतं आणि एवढ्या वर्षांत वाढलेली बाग काळी पडते. वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की बातमी होते. तिथलं गोठणं पहाटेपुरतं असतं, इथे कधी दिवसाही वितळत नाही. झाड निवडायचं ते सरासरी हिवाळ्यासाठी नव्हे, त्या एका वाईट आठवड्यासाठी.

लेबलवर आरएचएसचा, म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा, ‘एच’ आकडा बघा. एच३ म्हणजे उणे ५ ते अधिक १ अंश सेल्सियस, एच४ म्हणजे उणे १० ते उणे ५, एच५ म्हणजे उणे १५ ते उणे १०. लंडन शहरात कायम जमिनीत ठेवायचं झाड शक्यतो एच४ असावं. एच३ भिंतीच्या आडोशाला चालतं. कुंडीतल्या झाडाचा आकडा मनातल्या मनात एक पायरी खाली धरा, कारण कुंडीत मुळं चारी बाजूंनी गार पडतात.

पण लेबल एक गोष्ट सांगत नाही. इथे थंडीपेक्षा जास्त झाडं ओलीने मरतात. लंडनची चिकणमाती नोव्हेंबर ते मार्च पाणी धरून बसते, आणि झोपलेला कंद त्या गार चिखलात कुजतो. म्हणून खरेदीआधी हिवाळ्यात ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे वाफा २५-३० सेंटिमीटर उंच करून घ्या. फक्त खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून भागत नाही. त्या खड्ड्याची बादली होते आणि आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं. खडी आणि कंपोस्ट अख्ख्या वाफ्यात मिसळा. उताराच्या तळाशी असलेलं भरीव कुंपणही टाळा, गार हवा वाहत येऊन तिथे साठते.

आता निवड. स्वतःला एकच विचारायचं: या झाडाचं काय जगायला हवं, पान की कंद? ताडाचा शेंडा मेला की झाड संपलं. केळ, सोनटक्का, अळू यांची पानं दरवर्षी जाणारच; खालचा गड्डा वाचला की झालं.

केळीत मुसा बासजूच घ्या. तिला जपानी म्हणतात, पण मूळ चीनची. फळं बारीक, बियांनी भरलेली, खाण्याजोगी नाहीत. दुकानात तिच्या शेजारीच लाल पानांची एन्सेट असते, दिसायला जास्त देखणी. ती जमिनीत हिवाळा काढत नाही, खणून घरात न्यावी लागते. बासजू मेअखेर ते जूनमध्ये लावा. ऑक्टोबरमध्ये स्वस्तात मिळाली तरी तेव्हा लावू नका. मुळं धरायला वेळच मिळत नाही. जून ते ऑगस्ट भरपूर पाणी आणि नत्रयुक्त खत द्या, ऑगस्टअखेर खत बंद. उशिरा फुटलेली कोवळी वाढ आधी गोठते.

पहिल्या फ्रॉस्टने पानं काळी पडली की ती कापा, बुंधा ठेवा. भोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी गोल उभी करा आणि आत कोरडा पेंढा दाबून भरा. वरून पाणी शिरू नये म्हणून एखादं झाकण ठेवा, बाजू मोकळ्या राहू द्या. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळणं ही नेहमीची चूक: आत वाफ धरते आणि सोपटं वरून खाली सडत जातात. एप्रिलच्या मध्यावर पेंढा काढा. शेंडा तपकिरी, लिबलिबीत दिसला तर धारदार सुरीने चकत्या करत खाली या. पांढरा, घट्ट गाभा लागला की थांबा. त्यातूनच नवी सुरळी वर सरकते. बुंधा पूर्ण गेला तरी मे-जूनमध्ये मुनवे फुटतात. फक्त उंचीचं एक वर्ष वाया जातं.

सोनटक्क्याची गोष्ट थोडी दुखरी. आपला पांढरा सोनटक्का इथे जगतो, पण फुलायला इतका उशीर करतो की कळ्या धरेपर्यंत थंडी येऊन ठेपते. तो ३५-४० सेंटिमीटरच्या कुंडीत ठेवून ऑक्टोबरमध्ये आत घ्या आणि माती अगदी किंचित ओली राखा. पूर्ण वाळवू नका. जमिनीत हवा असेल तर त्याचे हिमालयाकडचे भाऊबंद बघा: केशरी फुलांचे ‘तारा’ आणि ‘आसाम ऑरेंज’ हे वाण, किंवा हेडिकियम गार्डनेरियनम. पिवळ्या फुलांच्या या शेवटच्याला सुवास छान, पण तो थंडीला नाजूक, त्याला भिंत लागते. कंद १० सेंटिमीटर खाली लावा आणि डिसेंबरआधी वर १५ सेंटिमीटर पालापाचोळा पसरा.

अळूत ‘पिंक चायना’ हा गुलाबी देठांचा वाण त्यातल्या त्यात काटक. ओल त्याला उन्हाळ्यात हवी, हिवाळ्यात नको. शोभेच्या अळूच्या वड्या करायच्या भानगडीत पडू नका. कर्दळ घेताना पान उजेडासमोर धरून बघा. शिरांच्या कडेने पिवळट रेघा, ठिपके असतील तर तो विषाणू आहे. उपाय नाही, आणि शेजारच्या कर्दळीलाही लागतो.

बारमाही हिरवं हवं तर ट्रॅकिकार्पस ताड लावा, तो एच५ आहे. वाऱ्याच्या जागी वॅग्नेरियानस प्रकार बरा. त्याची पानं आखूड, ताठ असतात, फाटत नाहीत. विकत घेताना मधली न उघडलेली सुरळी हलकेच ओढा. ती हातात आली तर शेंडा आतून सडलाय.

सह्याद्रीत पहिल्या पावसात उगवणारा सापकांदा आठवतो? त्याच्याच कुळातले अरिसेमा कॉन्सँग्विनियम आणि अरिसेमा कँडिडिसिमम इथे सावलीत मजेत राहतात. निचऱ्याच्या मातीत १५ सेंटिमीटर खोल लावा. कँडिडिसिमम जूनपर्यंत जमिनीवर कोंबही दाखवत नाही, आणि मेला समजून मेमध्ये त्यावर दुसरं काही लावताना फावड्याने कंद कापला जातो. लावतानाच शेजारी काठी रोवा, तिच्यावर नाव आणि ‘जून’ लिहून ठेवा.