बर्फाचे बूट आणि कोल्हापूरचा पाऊस

जानेवारी २०२३. स्पितीत काझाच्या पुढं एका गोठलेल्या धबधब्यावर दहा-बारा मीटर चढलो होतो. डावा पाय मारला, बुटाखाली बसवलेल्या क्रॅम्पॉनचे लोखंडी दात बर्फात बसले, वजन टाकलं आणि टाच डुगडुगली. खाली बघतो तर सोल बुटापासून सुटलेला, मगरीनं जबडा उघडावा तसा, आणि आतून पिवळट भुगा गळतोय. चहात बुडवलेली खारी जशी गळते तसा. दोर वरून बांधलेला होता म्हणून गपगुमान खाली आलो. बूट एकूण नऊ दिवस वापरलेले. सेकंड हँड, अठरा हजारांचे, बघायला नवरीसारखे.

घरी आल्यावर आबांपुढं ठेवले. आमच्या घरात तीन पिढ्या पायताण चालतं. आबा कोल्हापुरात सुभाषनगरात चपला करायला बसतात. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, वादीनं शिवलेलं, खिळा एक नाही. आबांनी बूट उलटा केला, अंगठ्यानं कड दाबली, बोटाला आलेला भुगा बघितला आणि म्हणाले, "वरचं कातडं रेड्यागत हाय, आन मधी पीठ भरलंय व्हय रं?" मी म्हटलं, आबा, सोल्युशन लावून बघा की. "चिकटवू कशाला? पिठाला?"

तेव्हापासून ह्या बुटांचा नाद लागला. आता सह्याद्रीतली पोरं हिवाळ्यात मनाली, स्पिती, लडाखला आईस क्लायम्बिंगला निघतात आणि मला बूट दाखवायला येतात. दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून लिहून ठेवतोय.

पहिली परीक्षा ताठपणाची. पायताण घेताना आपण वाकवून बघतो, इथं उलटं. एक हात टोकावर, एक टाचेवर, आणि जोर लावून वाकवा. बर्फाच्या भिंतीवर चढायचा बूट तसूभरही वाकायला नको. ह्याला बी-थ्री म्हणतात. सोलच्या आत पुढपासून मागपर्यंत ताठ पट्टी असते, तिला शँक म्हणतात. क्रॅम्पॉनच्या पुढच्या दोन दातांवर उभं राहिलं की सगळं वजन त्या पट्टीवर जातं. ती लवचिक असेल तर पोटऱ्या दहा मिनिटांत भरून येतात आणि क्रॅम्पॉनही सुटू शकतो. त्याहून लवचिक बी-वन, बी-टू बूट ट्रेकला आणि बर्फातल्या चालीला ठीक, उभ्या बर्फाला नाही.

मग वेल्ट. सोलच्या कडेला टोकाला आणि टाचेला खोबण असते, तिथं क्रॅम्पॉनची तार आणि मागचा खटका बसतो. सेकंड हँड बूट घेत असाल तर आधी ही खोबण बघा, मग बाकीचं. कड झिजून गोल झालीय का, पांढुरक्या चिरा पडल्यात का? आपला क्रॅम्पॉन सोबत न्या, पट्टा न बांधता बसवा, खटका लावताना जोर लागला पाहिजे. मग बूट हातात धरून झटका. क्रॅम्पॉन हलला तर घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी नको.

मापाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण आपले पाय वेगळे. जन्मभर पायताण घातलेल्या माणसाचा अंगठा सुटा असतो, चवडा पसरलेला. हे बूट बहुतेक इटलीच्या फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, बनतात आणि तो फर्मा पुढं अरुंद. (२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या पायताणाची नक्कल चालली म्हणून गाव पेटलं होतं. मी गप्प बसलो होतो. माझ्या पायात इटलीचे बूट, बोलायचं कुठल्या तोंडानं?) बूट बघायला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो. बर्फात घालणार तेच मोजे घाला, एकच जोड. लेस बांधून भिंतीला टोकानं चार लाथा मारा. बोटं पुढं आपटली तर माप लहान. मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवड्यावर पाच मिनिटं उभे राहा. टाच आत उचलली जात असेल तर माप मोठं किंवा फर्मा तुमचा नाही. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

घट्ट बूट गरम राहतो हा लोकांचा लाडका गैरसमज. बुटाच्या आतली सिंथेटिक भरणी स्वतः ऊब तयार करत नाही, ती फक्त अडकलेली हवा धरून ठेवते. ऊब येते तुमच्या रक्तातून. दोन जोड मोजे कोंबून लेस आवळली की हवा गेली आणि रक्तही अडलं. मग बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि थांबली की घाबरायचं. घोट्यापाशी सर्जन गाठ मारा, म्हणजे लेस एकाऐवजी दोनदा गुंडाळून ओढायची. खालचा भाग सैल ठेवून वरचा आवळता येतो.

सिंगल घ्यावा की डबल? मनालीच्या बाजूला दिवसा चढून रात्री गरम खोलीत येणार असाल तर भरणीचा सिंगल बूट पुरे. तंबूत राहणार, उणे वीसच्या रात्री काढणार, तर डबल. कारण एकच: डबल बुटातलं लायनर, म्हणजे आतला वेगळा मऊ बूट, काढता येतं. दिवसभर घाम मुरतो, रात्री तो गोठतो, सकाळी पाय बर्फाच्या डब्यात. लायनर काढून स्लीपिंग बॅगेत छातीशी घ्या, वास सहन करा. हिलरींचंही हेच झालं होतं. २९ मे १९५३ ची सकाळ, एव्हरेस्टचा शेवटचा तळ. बूट रात्री स्लीपिंग बॅगेबाहेर राहिले आणि लाकडासारखे गोठले. ते स्टोव्हवर शेकून मऊ करण्यात दोनेक तास गेले. तेनझिंगनी बूट पायातच ठेवले होते.

हिलरींना पर्याय नव्हता, तुम्हाला आहे. म्हणून तिकडच्या बुखारीच्या शेगडीजवळ बूट सुकवू नका. सोलचा गोंद उष्णतेनं मऊ पडतो आणि कातडं तडकतं. इनसोल काढा, "पुढारी"च्या पानांचे गोळे करून आत कोंबा, दोन तासांनी बदला. घाम फार येत असेल तर पातळ मोज्यावर ब्रेडची पिशवी आणि वर जाड मोजा. पाय ओलसर राहतो, पण भरणी कोरडी राहते, आणि थंडीत भरणीची किंमत जास्त.

आता पिठाकडं येतो. सोलच्या रबराला मी दोष देत नाही. तसलं दात असलेलं रबर १९३७ मध्ये इटलीच्या विताले ब्रामानींनी पेटंट केलं आणि आजही ते सहसा आधी झिजतं, फुटत नाही. रबर आणि बूट यांच्यामधला जो फेसाळ थर, मिडसोल, तो बऱ्याचदा पॉलीयुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता हळूहळू त्याच्या रेणूंच्या कड्या तोडते. ह्याला हायड्रोलिसिस म्हणतात. बर्फ लागत नाही, दगड लागत नाही, चालावंही लागत नाही. कपाटात बसल्या बसल्या होतं, आणि दमट उष्ण हवेत पटापट होतं. म्हणजे आपलं कोल्हापूर! पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचलं की गावाला पुराचा इशारा मिळतो, बुटांना कुणी देत नाही. २०२० ते २०२२, तीन पावसाळे, माझे बूट माळ्यावर होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. जपतोय असं वाटत होतं. पिशवीत कोंडलेला दमटपणा तीन वर्षं आतच काम करत होता.

म्हणून "कधी न वापरलेले, दहा वर्षं जुने" अशी जाहिरात दिसली तर खूश होऊ नका. जिभेच्या आतल्या लेबलवर बनावटीची तारीख बघा. अंगठ्याच्या नखानं मिडसोलची कड दाबा: खड्डा भरून आला पाहिजे. खड्डा राहिला, बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला चिकट भुगा आला, तर हात जोडून निघा. जुन्या प्लॅस्टिक बुटांचंही तसंच, वय झालेलं कवच थंडीत अचानक तडकतं. मिडसोल ईव्हीए ह्या दुसऱ्या फेसाचा असेल तर तो असा कुजत नाही, फक्त वर्षांनी दबून बसतो.

ठेवायचे कुठं? खोक्यात नाही, पिशवीत नाही, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच. राहत्या खोलीत मधल्या फळीवर, लेस सैल, इनसोल बाहेर, जुन्या सुती धोतराच्या फडक्यात. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी काढून घरात अर्धा तास घालून फिरायचं. आई म्हणते, येडं हाय. म्हणू दे. ठेवण्याआधी कातड्याला थोडं मेण, तेल नको; तेलानं कातडं मऊ पडतं, आणि ह्या बुटाला मऊपणा परवडत नाही.

सोल झिजला तर बदलता येतो, पण मिडसोल शाबूत असतानाच, आणि असे बूट आधी केलेल्या माणसाकडूनच. मी एकदा एका दुकानात दिले तर त्यानं सोल नीट बसावा म्हणून टोकाची खोबणच मशीनवर घासून सपाट केली. बूट दिसायला छान, क्रॅम्पॉन बसेना. आता देताना खोबणीवर लाल टेप लावतो आणि "इथं घासू नका" असं लिहितो. गेटरला, म्हणजे पोटरीवरच्या कापडी आवरणाला, क्रॅम्पॉनचा दात लागून फाटतं ते घरी होतं: आतून-बाहेरून ठिगळ, कडेला शिवण बंद करायचा गोंद (सीम सीलर), एक रात्र दाबून.

आणि बॅगेत कायम दोन पट्टे, हातभर तार आणि जाड टेप. त्या दिवशी काझापर्यंत मी सोल पट्ट्यानं बांधून चाललो, दर शंभर पावलांना गाठ घट्ट करत.

उजव्या बुटाचं पीठ पुढच्याच महिन्यात गळलं. कातडं अजून धडधाकट होतं, म्हणून आबांना म्हटलं, ह्याचं काहीतरी करा. त्यांनी नाकाला लावून बघितलं, "बाभळीचा वास न्हाई ह्येला," म्हणाले आणि बाजूला ठेवलं. आता डाव्या बुटात त्यांच्या आऱ्या असतात, उजव्यात रापी.