दांडग्या पिकअपचं खरं ॲव्हरेज कसं काढावं

सातशे हॉर्सपॉवरच्या पिकअपवाल्याला ॲव्हरेज विचारू नये म्हणतात. मी विचारतो, आणि आकडा कळला की लगेच पुढचं विचारतो: काढलं कसं? तिथे बहुतेकांची गाडी अडते. कुणी डॅशबोर्डवरचा आकडा वाचून दाखवतो, कुणी काटा अर्ध्यावर येईपर्यंत झालेले किलोमीटर मोजतो. डॅशबोर्ड इंधन मोजत नाही, इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून हिशेब मांडतो. माझ्या वहीत तो बहुतेक वेळा चार-पाच टक्के चढवूनच बोललाय. काट्याबद्दल तर बोलायलाच नको.

टायरमध्ये हवा बरोबर आहे, इंजिन सर्व्हिस झालेलं आहे, हे धरूनच चालतो. वही घ्या, ट्रिप मीटर शून्य करा.

आधी किलोमीटरची खात्री

हे काम एकदाच करायचं. पिकअपवाले हौसेने मोठे टायर बसवतात. ३५ इंचांच्या जागी ३७ इंची आले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साडेपाच टक्क्यांहून जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कुणी सांगितलेलं नसतं. तो जुनेच किलोमीटर मोजतो आणि ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. मोकळ्या रस्त्यावर पन्नास किलोमीटर जीपीएसशी ताडून पाहा, जो फरक येईल तो गुणक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

टाकी भरणं: सगळी गंमत इथे आहे

‘टाकी फुल्ल करा, चालवा, परत फुल्ल करा, भागाकार करा.’ हा सल्ला सगळे देतात. फुल्ल म्हणजे काय, ते कुणीच सांगत नाही.

सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) लावलेल्या ६.२ लिटर व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या पिकअपचं पहिलं ॲव्हरेज मी असंच काढलं होतं. २१० किलोमीटर झाले, ३५ लिटर बसलं, म्हणजे लिटरला बरोबर ६. अशा इंजिनाला ६ म्हणजे चैनच! चार जणांना फोन करून सांगितलं. पुढच्या खेपेला २१५ किलोमीटरला ४६ लिटर बसलं. ४.६७! रस्ता तोच, पाय तोच. आठवडाभर मी इंजिनात दोष शोधत होतो. दोष इंजिनात नव्हताच. पहिल्या वेळी गाडी उतारावर उभी होती, नोझल आपोआप बंद करणारा खटका लवकर पडला आणि पाचेक लिटर कमी बसलं. ते पाच लिटर पुढच्या हिशेबात येऊन बसले. दोन्ही खेपा एकत्र केल्या तर ४२५ किलोमीटरला ८१ लिटर, म्हणजे ५.२५. खरा आकडा तो.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा फसणार नाही. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. इंधन वाहत असताना त्यातून हवा ओढली जाते. भोक इंधनाने बुजलं की हवा तुटते आणि खटका पडतो. टाकी भरली आहे की नाही, हे त्या भोकाला कळत नाही. नळीत उसळून वर आलेल्या इंधनानेही ते बुजतं. पिकअपची टाकी चासीला समांतर, लांबट आणि बसकी असते. गाडी जराशी कलली तरी एका टोकाला हवा अडकते आणि इंधन नळीतून वर येतं. शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत अशी चार-पाच लिटरची गफलत अगदी सहज होते.

म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. पंप तोच, नोझल तेच, गाडीचं तोंड त्याच दिशेला. नोझल पूर्ण आत घालायचं आणि सगळ्यात मंद धारेवर लावायचं. पहिला खटका पडला की संपलं, नोझल जागेवर. ‘राउंड फिगर करू का?’ असं कुणी विचारलं तर नाही म्हणा. पुन्हा पुन्हा दाबून गळ्यापर्यंत भरण्याचा सल्ला देणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. पेट्रोल गाडीत टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो. त्यात पातळ पेट्रोल गेलं की तो कामातून जातो, आणि तो स्वस्त नसतो. डिझेलला मात्र एक सूट आहे, कारण डिझेलचा फेस होतो. पहिल्या खटक्यानंतर मिनिटभर थांबा, फेस बसू द्या, मग मंद धारेने दुसऱ्या खटक्यापर्यंत भरा. पण एकदा असं केलं तर दर वेळी असंच करायचं.

आणि एका टाकीवर बोलू नका. दोन लिटरची चूक चाळीस लिटरमध्ये पाच टक्के होते, तीनशे लिटरमध्ये एक टक्कासुद्धा होत नाही. सलग तीन टाक्या भरा, सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग एकदाच भागाकार. तीन ॲव्हरेजांचं ॲव्हरेज काढू नका. शंभर किलोमीटर ५ ने आणि शंभर १० ने गेलात तर उत्तर साडेसात येत नाही. दोनशे किलोमीटरला तीस लिटर गेलं, म्हणजे ६.६७.

रस्ता

तोच रस्ता, जाऊन-येऊन, तोच वेग. ताशी १०० वरून १२० वर गेलात की हवेचा अडथळा ४४ टक्क्यांनी वाढतो. पिकअपचं नाक भिंतीसारखं असल्यामुळे तो लगेच जाणवतो.

इंजिनांची तुलना

कागदावरचे आकडे अमेरिकेच्या ईपीएचे, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचे घ्या. तिथलं एक मैल प्रति गॅलन म्हणजे ०.४२५ किलोमीटर प्रति लिटर. ब्रिटिश गॅलन मोठा असतो, तो इथे घुसवू नका. ७०२ हॉर्सपॉवरच्या रॅम टीआरएक्सला, तिथेही सुपरचार्जरवाला ६.२ लिटर व्ही-८ च, एकत्रित (शहर आणि हायवे मिळून) १२, म्हणजे आपल्या हिशेबात ५.१. माझ्या ५.२५ वर विश्वास बसला तो त्यामुळेच. फोर्ड रॅप्टरच्या ३.५ लिटर ट्विन टर्बो (धुराच्या जोरावर फिरून हवा कोंबणारे दोन पंखे) व्ही-६ ला १६, म्हणजे ६.८.

पण टर्बोचा आकडा पायावर फार हलतो. हलक्या पायाने चालवलं तर तो लहान इंजिनासारखा पितो. बूस्टवर, म्हणजे टर्बो जोरात हवा कोंबतोय अशा अवस्थेत, धरून ठेवलात तर तापमान आवरायला जास्तीचं पेट्रोल ओततो आणि व्ही-८ शी असलेलं अंतर आकसत जातं. म्हणून टर्बोच्या नोंदीपुढे गाडी कशी चालवली ते लिहिल्याशिवाय ती नोंद मी धरत नाही.

हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड) आणि डिझेल ही जोडी तर कागदावर फसवतेच. २०२१ च्या फोर्ड एफ-१५० पॉवरबूस्ट हायब्रिड फोर बाय फोरला एकत्रित २४, आणि रॅम १५०० इकोडिझेल फोर बाय फोरलाही २४. दोघांना १०.२. पण हायब्रिडचा शहरातला आणि हायवेचा आकडा एकच आहे, तर डिझेलचे २१ आणि २९, म्हणजे ८.९ आणि १२.३. तुमचं फिरणं कुठे आहे ते आधी पाहा. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते, त्यामुळे लिटर सारखे दिसले तरी सामना बरोबरीचा नसतो. डिझेलचा काजळी फिल्टर मधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो, त्यालाही डिझेल लागतं. छोट्या चाचणीत तो प्रसंग आला की आकडा पडतो, नाही आला की फुगतो. हायब्रिडमध्ये चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी बॅटरी साधारण तेवढीच भरलेली असू द्या.

इलेक्ट्रिक पिकअपला पंपाची कटकट नाही, पण तिथेही डॅशबोर्ड अर्धंच सांगतो. बॅटरीतून किती गेलं ते दाखवतो, चार्जिंगमध्ये वाया गेलेली वीज त्यात नसते. ईपीएच्या आकड्यात ती धरलेली असते: मोठ्या बॅटरीच्या एफ-१५० लाइटनिंगला शंभर मैलांना ४८ युनिट, म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे ३०. तेव्हा ८० टक्क्यांवरून निघा, परत ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा आणि भिंतीकडच्या मीटरचं रीडिंग घ्या.

ट्रेलर ओढलात तर त्या खेपेचं पान वेगळं ठेवा. मागे उंच डबा लागला की इंजिन कुठलंही असो, आकडा निम्म्यावर येऊ शकतो, आणि ती एक खेप बाकीच्या तीन टाक्या नासवते.