ॲक्रेलिकचा कोरल टँक घरी बनवताय? मग या चुका टाळा

वणी, दारव्हा, आर्वीकडची पोरं मला फिरून फिरून एकच फोटो पाठवतात, कोरल म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या कोपऱ्यातून पाणी गळतंय, खाली फडकं लावलंय, आणि सोबत मेसेज, "भाऊ, लीक होऊन राह्यला, सिलिकॉन मारू का?" नको मारू बाबा. सिलिकॉन काचेला पक्कं धरतं, ॲक्रेलिकवरून सालपटासारखं निघून येतं. ॲक्रेलिकमध्ये सॉल्व्हंटने दोन्ही शीट थोड्या विरघळतात आणि एकजीव होतात, तोच जोड. तो कच्चा राहिला तर वरून काहीही थापा, गळणारच.

आणि जोड कच्चा राहतो तो घाईमुळे. आमच्या बाजूच्या गावातल्या एका पोट्ट्याने ३ बाय २ फुटाचा, फूटभर उंचीचा टँक केला, म्हणजे १७० लिटर पाणी. तालुक्याला नेमप्लेट बनवणाऱ्याकडून शीट लेझरने कापून आणली, कडा अशा चकचकीत की हा खूश. पण लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो, त्यावर सॉल्व्हंट लागलं की केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्यात महिना मे, खोली टिनाची, वेळ दुपारची. त्याच्या सॉल्व्हंटमध्ये डायक्लोरोमिथेन होतं, ते ४० डिग्रीलाच उकळतं, आणि आपल्याकडे विदर्भात त्या दिवसांत सावलीत ४५ असतं! जोडात शिरायच्या आधीच अर्धं उडून गेलं, उरलेल्याचे बुडबुडे झाले. मी म्हटलं, थांब, आठवडाभर राहू दे. "काहून थांबू भाऊ, वाळलं ना." दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने टेस्ट न करता सरळ मिठाचं पाणी भरलं. रात्री मागची बाजू उभी उघडली आणि खारं पाणी आजीच्या बाजेखालच्या तुरीच्या पोत्यांपर्यंत गेलं. आजी काय बोलली ते इथे लिहिता येत नाही.

माझी सवय सांगतो. शीट कास्टच (साच्यात ओतून केलेली) घ्यायची, एक्सट्रुडेड (मशीनमधून दाबून काढलेली) नाही (कापताना भुसा कोरडा पडला तर कास्ट, चिकट वितळल्यासारखा निघाला तर एक्सट्रुडेड). लेझरची कड सुताराकडून राउटरने (कड तासायच्या मशीनने) थोडी काढून घ्यायची, गुण्या लावून बघायची, ज्योतीने चमकवायची तर अजिबात नाही. मग जोडात बारीक तार ठेवून सिरिंजने सॉल्व्हंट सोडायचं, मिनिटभराने तार ओढून घ्यायची. हे काम डिसेंबर-जानेवारीत सकाळी, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, कारण वाफ अंगाला बरी नाही. पावसाळ्यात केलं तर हवेतल्या ओलाव्याने जोड पांढरा पडतो. डबीवर २४ तास लिहिलंय हे मलाही वाचता येतं, तरी मी आठवडाभर हात लावत नाही, आणि नंतर आठवडाभर साधं पाणी भरून ठेवतो. ज्याला एवढा धीर नाही त्याने कोरलच्या नादी लागूच नये, ते तर त्याहून हळू वाढतं.

एवढ्या टँकला शीटची जाडी १० एमएम घ्या, ६ मध्ये भागते म्हणणाऱ्यांचे टँक पोट काढतात. वर चारी बाजूंनी पट्टी जोडा. तळाला सगळीकडून सपाट आधार हवा, नुसत्या कडांवर नाही. पुसायला स्पिरिट, थिनर किंवा काचेचा क्लीनर लावू नका, चिरा पडतात. पितळेची तोटी, तांब्याची फिटिंग लावू नका, तांब्याने कोरल मरतं.

दुसरी डोकं फिरवणारी चूक म्हणजे पाणी कमी झालं की मिठाचं पाणी टाकणं. अरे, वाफ होते ती पाण्याची, मीठ आतच राहतं! उन्हाळ्यात आपल्या कोरड्या हवेत पातळी रोज खाली जाते, वरून खारं ओतत राहिलं की खारटपणा १.०२५ वरून (साध्या पाण्याच्या मानाने जडपणाचं माप, साधं पाणी म्हणजे १) चढत जातो आणि झोआंथिड (बटणासारखे छोटे मऊ कोरल) तोंड मिटून बसतात. टँकवर मार्करने रेघ मारा आणि रोज आरओचं साधं पाणी टाका. बोअरचं नको, त्यात क्षार आणि खताचं नायट्रेट दोन्ही येतं. गार ठेवायला पाण्यावर पंखा लावा, वाफेसोबत उष्णता जाते. पण त्याच बंद खोलीत कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो, हे कोणी ऐकतच नाही. टँक मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत ठेवा, टिनाखाली नको.

कोरल कुठून आणता तेही बघा. कोकणात फिरायला गेलो अन् समुद्रातून तोडून आणलं असं करू नका, सगळे कडक कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, ताडोबाचा वाघ आहे त्याच यादीत. झोआंथिड कापताना हातमोजे अन् चष्मा घाला, त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असू शकतं. आणि लाईट गेली की पंप बंद, पाण्यातली हवा संपते, म्हणून बॅटरीचा एअर पंप टँक भरायच्या आधीच आणून ठेवा.