रानअळंबी विक्रीला काढण्याआधी: इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यासाठी पावसाळी सल्ला

पाऊस जरा उघडला, उकाडा झाला की वारुळांवर अळंबी फुटते. घरच्या कालवणापुरती काढणं वेगळं आणि अनोळखी गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालणं वेगळं. विकायची असेल तर आधी गावाचा नियम ठरवा.

वनहक्क कायदा 2006 प्रमाणे परंपरेने गोळा होणारं गौण वनोपज विकण्याचा हक्क हक्कधारकांना आहे. पण कायद्याच्या व्याख्येत ‘वनस्पतीजन्य’ असा शब्द आहे. मध, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळं यांची नावं त्यात आहेत, अळंबीचं नाही. आणि शास्त्राच्या हिशेबात अळंबी ही बुरशी, वनस्पती नव्हे. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात ‘अळंबी’ हा शब्द स्पष्ट लिहून घ्या. कोणत्या रानातून, किती काढायची आणि बाहेरच्या व्यापाऱ्याला थेट रानात उतरू द्यायचं का, हेही त्यातच ठरवा. माझ्या मते उतरू देऊ नये. त्याला माल हवा असतो, पुढच्या वर्षीचं वारूळ नाही.

वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल, थेट वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत गेलेला असतो. कुदळ घातली की ती जागा गेली. हातानेच अलगद ओढा आणि पूर्ण उमललेल्या काही छत्र्या बीजाणू झडायला तिथेच ठेवा. फवारणी होणाऱ्या द्राक्ष-टोमॅटोच्या बांधावरची किंवा हायवेच्या कडेची घेऊ नका. अळंबी विषारी अंश शोषून घेते.

व्यापारी रोज ठरावीक वजन मागत असेल, तर भाताच्या पेंढ्यावर धिंगरी, म्हणजे घरी लावता येणारी ऑयस्टर अळंबी, लावा. मात्र ती रानातली म्हणून विकू नका.

टोपली भरताना एकेक नग उलटा करून पाहा. छत्रीखालचे पापुद्रे हिरवट झालेत, बुडाशी पिशवीसारखं आवरण आहे किंवा जाणत्या माणसाला ओळख पटत नाही, असा नग बाजूला काढा. चांदी काळी पडते, किडे खातात, कांदा रंग बदलतो या परीक्षांवर अजिबात विसंबू नका. काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. माल बांबूच्या टोपलीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून सडतो. काढला त्याच दिवशी विका.

अळंबी खाऊन सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर धोका मोठा. मध्ये एखादा दिवस बरं वाटतं, पण यकृत बिघडतच असतं. लगेच 108 ला फोन करा आणि उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, दवाखान्यात सोबत न्या.