एलईडीसाठी रोधक कसा निवडायचा?
लाल एलईडी ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडू नका; विजेच्या धारेला आवर घालणारा रोधक (रेझिस्टर) मध्ये नसला की तो जळतो. त्याला लागतात साधारण २ व्होल्ट. उरलेले ७ रोधकावर पडू द्यायचे. धारा १५ मिलिअँपिअर हवी, तर रोध = व्होल्ट ÷ अँपिअर, म्हणजे ७ ÷ ०.०१५ = सुमारे ४६७ ओहम. दुकानात ४७० मागा. त्यावरचे रंगीत पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. (मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे राहिले की उत्तर हजारपटीनं चुकतं, आणि परीक्षेत हे हमखास होतं.) एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे.

मल्टिमीटरनं विभवांतर (व्होल्टेज) रोधकाच्या दोन टोकांवर मोजा. धारा मोजताना मात्र परिपथ एका जागी तोडून मीटर मध्ये घाला. धारा मोजण्यावर ठेवलेला मीटर थेट बॅटरीला लावलात, तर आतला फ्यूज उडतो.